एका अभंग संख्येची गोष्ट

बुद्धिबळाच्या पटाची आणि धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दुप्पट करीत जायचे आणि चौसष्ट घरे भरता भरता राजाची कोठारे रिकामी व्हायची. गोष्ट सांगणारा सहसा चौसष्टाव्या घराकडे धाव घेतो. मला मात्र आज एकतिसाव्या घरापाशी थांबायचे आहे. तिथवरच्या सगळ्या घरांतले दाणे एकत्र केले, तर त्यांची संख्या होते २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनाचा एकतिसावा घात घ्यावा, त्यातून एक वजा करावा, की हीच संख्या हाती येते.

आता हे दाणे पंगतीत वाटायचे आहेत आणि प्रत्येकाच्या पानात अगदी सारखे पडले पाहिजेत, अशी अट घाला. दोघे बसले तर एक दाणा उरतो. तिघे बसले तरी एक उरतो, सात बसले तरी एक. शंभर बसले तर सत्तेचाळीस उरतात. हजार बसवा, लाख बसवा, काहीतरी उरणारच. एकट्याने सगळा ढीग घरी न्यावा, नाहीतर जितके दाणे तितकी माणसे बोलवावीत, या दोन टोकांखेरीज समान वाटणी नाही. अशा संख्येला शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. गणित शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, तेव्हापासून मला तिच्यासाठी अभंग हा शब्द अधिक जवळचा वाटत आला आहे. जी भंगत नाही, ती.

ही विशिष्ट संख्या आज आपल्या फार निकट येऊन बसली आहे. ३१ वेळा एक हा अंक लिहिला की संगणकाच्या द्विमान भाषेत ती तयार होते, आणि ३२ खणांत अंक साठवणाऱ्या संगणकांना मोजता येणारी ती सर्वांत मोठी धन संख्या आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आलेल्या जुन्या पद्धतीच्या संगणकांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असताना, याच आकड्यावर येऊन ठेपेल. पुढच्या सेकंदासाठी त्यांच्याकडे जागाच उरणार नाही. म्हणून अशी यंत्रणा त्याआधी बदलण्याचे काम जगभर चालू आहे.

पण माझा आजचा प्रश्न वेगळा आहे. ही संख्या अभंग आहे हे कळले कसे? दोन अब्ज वाटण्या कोणी करून पाहिल्या? याचे खात्रीलायक उत्तर १७७२ साली मिळाले. ते देणारा माणूस तेव्हा पासष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली होती. त्याचे नाव लेओनार्ड ऑयलर. या उत्तरापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ चाळीस वर्षे लागली, आणि त्या चाळीस वर्षांत त्याचे अवघे आयुष्य सामावलेले आहे.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातला. वडील पाउल हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. लेओनार्डचे बालपण शहराजवळच्या रीहेन गावी गेले. वडिलांनी तरुणपणी याकोब बर्नुली या विख्यात गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती, त्यामुळे घरात गणित अगदीच परके नव्हते. तरी मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे ही त्यांची इच्छा. तेराव्या वर्षी मुलगा बाझलच्या विद्यापीठात दाखल झाला. तिथे याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नुली शिकवीत असे. आपल्याकडे जशी गाण्याची घराणी, तसे बाझलमध्ये बर्नुली हे गणिताचे घराणे होते. योहानने या मुलाला घरी बसवून शिकवायला नकार दिला, पण एक सवलत दिली. कठीण ग्रंथ स्वतः वाचायचे, जिथे अडेल तिथे खूण करायची आणि शनिवारी दुपारी येऊन विचारायचे. आठवडाभर मुलगा असा झटे, की शनिवारी विचारायच्या शंका कमीत कमी उराव्यात. गुरूला शिष्याची पारख झाली, आणि मुलाला गणितच करू द्यावे म्हणून शेवटी योहाननेच वडिलांचे मन वळवले.

१७२७ साली पॅरिसच्या अकादमीने जहाजावर डोलकाठ्या कुठे उभाराव्यात या विषयावर स्पर्धा ठेवली होती. समुद्र नसलेल्या देशातल्या या तरुणाने निबंध धाडला आणि त्याला पहिल्या क्रमांकाखालोखाल मान मिळाला. बाझलच्या विद्यापीठातली भौतिकीची जागा मात्र त्याला मिळाली नाही. त्याच वर्षी वीस वर्षांचा ऑयलर सेंट पीटर्सबर्गला निघाला. नेव्हा नदीच्या काठचे हे शहर वसून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, आणि तिथली विज्ञान अकादमी तर जेमतेम उभी राहत होती. तो पोचला त्याच दिवशी सम्राज्ञी पहिली कॅथरिन हिचा मृत्यू झाला. अकादमीचे पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. ऑयलर तरीही राहिला. जन्मगावी तो पुढे कधीच परतला नाही.

इथे आपल्या संख्येची गोष्ट त्याच्या गोष्टीला येऊन मिळते. १ डिसेंबर १७२९ रोजी त्याचा स्नेही क्रिस्तियान गोल्डबाख याने एका पत्रात सहज विचारले, की फर्माच्या त्या विधानाबद्दल काय वाटते? फर्मा हा फ्रान्सच्या तुलूझ शहरातला न्यायाधिकारी. त्याला जाऊन तेव्हा साठाहून अधिक वर्षे झाली होती, पण संख्यांच्या प्रांतात त्याच्या शब्दाला वेदवाक्याचे वजन होते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मालिकेतल्या सगळ्या संख्या अभंगच असणार, असे तो सांगून गेला होता. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असे घात घेऊन त्यांत एक मिळवला की ही मालिका होते. यातली पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. पटाच्या अर्ध्या भागावरचे, म्हणजे बत्तीस घरांतले दाणे आणि वर आणखी दोन. एवढी मोठी संख्या कोण फोडून पाहणार?

गोल्डबाखच्या प्रश्नाने ऑयलरला आधी फारसे आकर्षित केले नाही. मग मात्र त्याने फर्माचे लिखाण काढले आणि त्याला या विषयाची जी गोडी लागली, ती जन्मभर सुटली नाही. १७३२ साली त्याने अकादमीपुढे मांडले, की ही संख्या ६४१ ने भाग जाते. ६४१ गुणिले ६७,००,४१७. वाचकांनी हवे तर गुणाकार करून पाहावा, दहा मिनिटांचेही काम नाही. फर्माचे वेदवाक्य एका भागाकाराने कोसळले.

या घटनेतली एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. एखादी संख्या अभंग नाही हे दाखवायला एक विभाजक पुरतो. तो कसा सापडला हेही सांगावे लागत नाही. ज्याला शंका असेल त्याने गुणून पाहावे. पण एखादी संख्या अभंग आहे असे म्हणायचे, तर एकही विभाजक नाही हे दाखवावे लागते. चोर सापडला तर एक माणूस पुढे उभा करून भागते. गावात चोर नाहीच असे सांगायचे, तर घर न् घर पाहावे लागते. खोटे ठरवण्याचे आणि खरे ठरवण्याचे काम सारख्या वजनाचे नसते, हे व्यवहारातही आपण अनुभवतो.

तरुण ऑयलरला हा भेद पुरता उमगला होता असे दिसत नाही. फर्माला खोटे ठरवणाऱ्या त्याच लेखात त्याने स्वतः दोन विधाने करून ठेवली. दोनाच्या ४१ व्या आणि ४७ व्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्या त्याने अभंग म्हणून मांडल्या. त्या तशा नाहीत. पहिलीला १३,३६७ ने भाग जातो, दुसरीला २,३५१ ने. पुढे त्याने ही चूक सुधारली, पण पंचवीस वर्षांच्या बुद्धिमान माणसाला जो मोह होतो तो त्यालाही झाला होता. चार ठिकाणी तपासले, काही सापडले नाही, म्हणजे नसेलच.

असाच मोह त्याच्याआधी एका सत्पुरुषाला झाला होता. मारँ मेर्सेन हा पॅरिसमधल्या मठातला संन्यासी. युरोपभरच्या विद्वानांची पत्रे त्याच्याकडे येत आणि त्याच्याकडून दुसऱ्यांकडे जात. छापील नियतकालिके निघायच्या आधी त्याची खोली म्हणजे विज्ञानाचे टपाल कार्यालयच होती. १६४४ साली एका ग्रंथात त्याने जाहीर केले, की दोनाच्या २५७ पर्यंतच्या घातांमध्ये २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घातांतून एक वजा केल्यावर अभंग संख्या मिळतात. कसे कळले, ते सांगितले नाही. या यादीची तपासणी पुरी व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. आपली संख्या या यादीत आठवी आहे आणि तिच्याबाबतीत मेर्सेनचे म्हणणे खरे होते. पण खरे असणे वेगळे आणि खरे म्हणून कळणे वेगळे. यादीवर विश्वास ठेवणाऱ्याला ३१ आणि ६७ यांत फरक करण्याचे काहीच साधन नव्हते.

ऑयलरचे आयुष्य दरम्यान वेगाने पुढे चालले होते. १७३३ साली तो अकादमीत गणिताचा मुख्य प्राध्यापक झाला. १७३४ च्या जानेवारीत चित्रकार गेऑर्ग ग्झेलची मुलगी कातारिना हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांना तेरा मुले झाली, त्यांतली पाचच बालपण ओलांडू शकली. १७३५ साली त्याला जिवावरचा ताप आला. त्याच वर्षी त्याने वर्गसंख्यांच्या व्यस्तांची अनंत बेरीज शोधून युरोपला चकित केले. १७३८ च्या सुमारास त्याचा उजवा डोळा गेला. रशियाच्या नकाशांवर केलेल्या बारीक कामाला तो स्वतः दोष देत असे. आजाराचाही त्यात हात असावा, असे मानले जाते. कामाचा झपाटा कमी झाला नाही. मूल मांडीवर घेऊन आणि बाकीची पोरे भोवती खेळत असताना तो सिद्धांत लिही, असे त्याला ओळखणारे सांगत.

१७४१ साली प्रशियाच्या राजाने, फ्रेडरिकने, त्याला बर्लिनला बोलावले. तिथे त्याची पंचवीस वर्षे गेली. ग्रंथांच्या दृष्टीने हा सुगीचा काळ. मनाच्या दृष्टीने तसा नव्हता. फ्रेडरिकला दरबारात चतुर, हजरजबाबी, देवाधर्माची टिंगल करणारी माणसे आवडत. ऑयलर साधा, श्रद्धाळू, संध्याकाळी घरच्यांना जमवून बायबल वाचणारा. राजा त्याच्या एका डोळ्यावरून थट्टा करी. कालवे, लॉटरी, विमा, तोफा, पंचांगे अशी राज्याची कामे तो मुकाट्याने करून देई. १७६० साली रशियन सैन्य बर्लिनपर्यंत आले तेव्हा ऑयलरची शेतवाडी लुटली गेली. ती कोणाची आहे हे कळल्यावर रशियनांनीच त्याला भरपाई दिली. शत्रूच्या राजधानीत मान आणि ज्याची चाकरी करावी त्याच्या दरबारात टोमणे, असा तो प्रकार होता.

या बर्लिनच्या काळात संख्यांचा नाद सुटला नव्हता. ६४१ हा विभाजक कुठल्या कुळातला आहे, हे त्याने आता सिद्धतेसह मांडले. आणि २८ ऑक्टोबर १७५२ रोजी, म्हणजे तेवीस वर्षांनीही, तो गोल्डबाखलाच पत्र लिहीत होता. त्यात त्याने कळवले, की आपल्याला खात्रीने ठाऊक असलेल्या परिपूर्ण संख्या सातच आहेत. आठवी होईल की नाही, हे दोनाच्या ३१ व्या घातावर अवलंबून आहे आणि तिथे अद्याप खात्री नाही. दोन हजारांच्या आतला एकही विभाजक सापडलेला नव्हता. वीस वर्षांपूर्वीच्या ऑयलरला एवढे पुरले असते. पंचेचाळीस वर्षांच्या ऑयलरला पुरले नाही. माझ्या मते त्याच्या चरित्रातली ही फार मोठी घटना आहे, जरी कोणत्याही चरित्रकोशात तिला एक ओळसुद्धा मिळणार नाही.

परिपूर्ण संख्या म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. ६ ला १, २ आणि ३ ने भाग जातो आणि त्यांची बेरीज ६ च होते. २८ चे तसेच, ४९६ चे तसेच, ८,१२८ चे तसेच. युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले होते, की मेर्सेनच्या जातीची अभंग संख्या मिळाली की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनवता येते. सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही, हे पुढे ऑयलरने सिद्ध केले. तो लेख मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १८४९ साली छापला गेला. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

१७६६ साली दुसऱ्या कॅथरिनच्या निमंत्रणावरून तो पुन्हा पीटर्सबर्गला आला. थोड्याच दिवसांत उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ च्या मे महिन्यात शहरात मोठी आग लागली, तीत त्याचे घर जळाले. पेटर ग्रिम नावाच्या बाझलच्याच एका कारागिराने धुरात शिरून या वृद्धाला पाठीवर घेतले आणि बाहेर काढले. त्याच वर्षी डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. काही दिवस त्याला दिसू लागले. मग जखम चिघळली आणि जे थोडे दिसत होते तेही गेले. पाटीवर खडूने काढलेली मोठमोठी अक्षरे अंधूक जाणवत, एवढीच काय ती दृष्टी उरली.

आता सगळा व्यवहार स्मरणशक्तीवर आणि सांगून लिहवून घेण्यावर चालू लागला. बीजगणितावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याने शिंप्याचे काम शिकलेल्या एका तरुणाला सांगून लिहवून घेतला. लिहिता लिहिता त्या तरुणाला बीजगणित येऊ लागले, असे सांगतात. पावकी, निमकी, औटकी पाठ असलेली जुन्या पिढीतली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तोंडी हिशेबाचे नवल वाटणार नाही. पण ऑयलरचे पाठांतर वेगळ्याच तोलाचे होते. पहिल्या शंभर अभंग संख्या आणि त्यांचे सहाव्या घातापर्यंतचे आकडे त्याला तोंडपाठ होते, असे सांगतात. त्याच्या एकूण लिखाणाचा जवळजवळ निम्मा भाग या शेवटच्या सतरा वर्षांतला आहे.

घर जळाल्याच्या आणि डोळा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, १७७२ साली, त्याचे एक पत्र बर्लिनच्या अकादमीने छापले. ते होते त्याच्या गुरूच्या नातवाला, तिसऱ्या योहान बर्नुलीला लिहिलेले. त्यात थोडक्यात सांगितले आहे, की दोनाच्या ३१ व्या घातातून एक वजा केल्यावर मिळणारी संख्या अभंग आहे. आणि या वेळी, कसे कळले, तेही सांगितले आहे.

ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे, आणि शाळेतल्या गणितावर समजण्यासारखेही आहे. पहिली पायरी सोपी. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील, तर त्यांतला लहान अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित आत येते. म्हणजे दोन अब्जांची पंगत एकदम शेहेचाळीस हजारांवर आली. त्यातही अभंग विभाजकच तपासले की पुरते, कारण बाकीचे त्यांच्यापासूनच बनतात. असे विभाजक उरतात सुमारे ४,८००. डोळस माणसालाही हे काम नकोसे वाटेल.

दुसरी पायरी ऑयलरची. रहाटगाडग्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. २३ हा आकडा घ्या. दोनाची दुप्पट करीत जा आणि दर वेळी २३ ने भागून बाकी तेवढी लिहा. २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला १ आला, की पुन्हा २, ४, ८ सुरू. रहाटाला अकरा गाडगी आहेत. याचाच अर्थ दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केला, तर २३ ने निःशेष भाग जातो. आणि खरेच, २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. आता फर्माचाच एक नियम असा, की कोणत्याही अभंग संख्येचा रहाट तिच्याहून एकाने कमी एवढ्या पायऱ्यांनी हमखास १ वर येतो. २३ चा २२ पायऱ्यांनी येतो, म्हणजे रहाटाचे बरोबर दोन फेरे होतात. म्हणून अकराव्या घाताचा कोणताही अभंग विभाजक घ्या, तो २२ च्या पटीत एक मिळवूनच होणार. २३ तसा आहे, ८९ ही तसाच आहे.

हेच ३१ ला लावा. आपल्या संख्येला विभाजक असेलच, तर तो ६२ च्या पटीत एक मिळवून झालेला असला पाहिजे. बाकी सगळ्यांना पंगतीला बोलवायचे कारणच नाही. याखेरीज दुसरी एक चाळणी लागते. अशा विभाजकाला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या, की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून होणारे आकडेच शिल्लक राहतात. ४६,३४१ च्या आत असे आकडे पावणेचारशेच्या आसपास आहेत आणि त्यांतले अभंग फार तर ऐंशी-पंच्याऐंशी. ३११, १,३०३, १,४८९ अशी त्यांची सुरुवात होते.

ऑयलरने कळवले, की या दोन्ही कुळांतल्या ४६,३३९ पर्यंतच्या सगळ्या अभंग संख्यांनी भागून पाहिले आणि एकानेही भाग गेला नाही. मी कुतूहलापोटी पहिला भागाकार कागदावर करून पाहिला. ३११ ने भागले तर भागाकार येतो ६९,०५,०९२ आणि बाकी उरते ३५. पाच-सात मिनिटे लागली. असे ऐंशीच्या वर भागाकार, आणि शेवटच्याला तरी भाग जाईल अशी आशा नाही. उलट कुठेच जाऊ नये अशी अपेक्षा धरून प्रत्येक भागाकार तेवढ्याच काळजीने करायचा. एकात हात घसरला तरी सगळे व्यर्थ. दिसत नसलेल्या माणसाने हे काम पुरते केले किंवा करवून घेतले, याला मी बुद्धीपेक्षाही चारित्र्याची गोष्ट समजतो.

याच संख्येपासून आठवी परिपूर्ण संख्या सिद्ध झाली. २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. एकोणीस अंकी. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने भाकीत केले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण अशा गोष्टींचा उपयोग काहीच नाही आणि कुतूहलापोटी एवढे कष्ट कोण घेणार? कुतूहलाची ताकद बार्लोला कळली नव्हती. १८७६ साली फ्रान्सच्या एदुआर लुकासने दोनाच्या १२७ व्या घाताचा निकाल लावला आणि मेर्सेनच्या यादीतली ३९ अंकी संख्या अभंग ठरली. २०२४ च्या ऑक्टोबरात याच जातीची जी संख्या सापडली, तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. जगभरातल्या स्वयंसेवकांचे हजारो संगणक या शोधात गुंतलेले असतात. ते यंत्र सुरुवातीला काय करते? उमेदवार संख्येचा लहानसा विभाजक आहे का, ते पाहते. त्यासाठी सगळे आकडे घेत नाही. घाताच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून होणारे, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरणारे, तेवढेच घेते. १७७२ च्या पत्रातल्या त्याच दोन चाळण्या.

कातारिना १७७३ साली वारली. तीन वर्षांनी ऑयलरने तिच्या सावत्र बहिणीशी लग्न केले. नातवंडे आणि सहाय्यक यांनी घर भरलेले असे. १८ सप्टेंबर १७८३ च्या सकाळी त्याने एका नातवाला गणित शिकवले. त्या वर्षी फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी तप्त हवेचा फुगा आकाशात सोडला होता. त्याच्या चढण्याच्या वेगाचे गणित त्याने पाटीवर मांडले. जेवणानंतर सहकाऱ्यांशी नव्यानेच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल बोलणे झाले. दुपारी चहा घेताना, नातवाशी खेळत असताना, त्याला झटका आला. थोड्या तासांत सारे संपले. पीटर्सबर्गची अकादमी पुढे जवळजवळ अर्धे शतक त्याचे शिल्लक राहिलेले लेख छापत राहिली.

पाटीवरचे ते फुग्याचे गणित त्याच्या मुलाने उतरवून घेतले आणि पॅरिसला पाठवले. डोलकाठ्यांवरचा वीस वर्षांच्या ऑयलरचा निबंध ज्या अकादमीकडे गेला होता, त्याच अकादमीने ते आपल्या ग्रंथात छापले. हे हिशेब मृत्यूनंतर त्याच्या पाटीवर जसे सापडले तसेच दिले आहेत, एवढी नोंद मथळ्यातच आहे. ज्याला शंका असेल त्याने पायरी पायरीने पडताळून पाहावे, अशी ती सोय होती.